मताचे मूल्य जनगणनेच्या कागदावर ठरते

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत केलेले भाषण आंबेडकरी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत हा देश २६ जानेवारी १९५० पासून प्रवेश करणार आहे, हा त्यातला इशारा शहरातल्या मोठ्या सभेपासून खेड्यातल्या जयंतीच्या मंडपापर्यंत दरवर्षी ऐकू येतो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकीय समतेला दोन पदर जोडले होते. प्रत्येकाला एक मत, आणि प्रत्येक मताला एकच मूल्य. पहिला पदर आपल्या समाजाने छातीशी धरला. मतदानाच्या दिवशी मजुरी बुडवून रांगेत उभी राहणारी आपली माणसे त्याची साक्ष आहेत. दुसऱ्या पदराकडे मात्र चळवळीचे, विशेषतः वऱ्हाडातल्या चळवळीचे, लक्ष फारसे गेले नाही. मत मिळाले म्हणजे मूल्यही आपोआप मिळाले, असे धरून चालण्याची सवय पडली. आम्ही व्यवसायाने वकील. कायदा असे सांगतो की मताचे मूल्य मतदान केंद्रावर ठरत नाही. ते कितीतरी आधी, जनगणनेच्या कागदावर आणि मतदारसंघाच्या नकाशावर ठरून गेलेले असते.

अगदी घरचेच उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्याला विधानसभेच्या आठ जागा आहेत आणि अकोला जिल्ह्याला पाच. आठच का? नऊ का नाहीत, सात का नाहीत? हा आकडा कोणा मंत्र्याच्या मर्जीने पडलेला नाही. घटनेच्या कलम १७० प्रमाणे राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघात लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्य तितके सारखे ठेवावे लागते. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्रचना आयोगाने २००१ ची जनगणना समोर ठेवली. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार, जागा २८८. भागाकार करा, एका जागेमागे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा २६ लाख ७ हजार होती. तिला या आकड्याने भागले की ७.७५ येतात, म्हणून आठ. अकोल्याची १६ लाख ३० हजार, म्हणजे ४.८५, म्हणून पाच. बुलडाण्याचे ६.६४ चे सात झाले, यवतमाळचे ७.३१ चे सातच राहिले, वाशीमला तीन. एकूण तीस. चौथीतल्या पोराला येईल असा हा हिशेब आहे. तरीही आपल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरांत तो कधी फळ्यावर मांडलेला आम्ही पाहिला नाही.

२००८ मध्ये ही पुनर्रचना लागू झाली तेव्हा विदर्भाच्या विधानसभेतील जागा ६६ वरून ६२ वर आल्या आणि लोकसभेच्या ११ वरून १०. वाशीम हा लोकसभा मतदारसंघ यवतमाळात विलीन झाला. वलगाव, चांदूर, बोरगाव मंजू, मेडशी, मंगरूळपीर ही विधानसभा मतदारसंघांची नावे नकाशावरून पुसली गेली. विदर्भावर अन्याय झाला अशी ओरड त्या वेळी सर्वपक्षीय नेत्यांनी केली. आम्हाला ती ओरड अर्धी खरी वाटते. पुनर्रचनेपूर्वी ठाणे जिल्ह्यात ८१ लाख लोकांमागे १३ आमदार होते, तर विदर्भात २ कोटी ६ लाखांमागे ६६. म्हणजे ठाण्यात सव्वासहा लाखांमागे एक आमदार आणि आपल्याकडे सव्वातीन लाखांच्याही आत एक. ठाण्याच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या मजुराचे मत वऱ्हाडातल्या मताच्या निम्म्या किमतीचे झाले होते. तो मजूर कोण होता हेही बघा. कोरडवाहू शेतीला आणि पडेल भावाच्या कापसाला कंटाळून कल्याण-उल्हासनगरकडे गेलेली आपलीच माणसे त्यात होती. ठाण्याला २४ जागा मिळाल्या हे एक मत, एक मूल्य या तत्त्वाला धरूनच झाले.

ओरडीतला खरा अर्धा भाग वेगळा आहे. माणसे गावे सोडून का गेली, हा तो प्रश्न. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, घटनेतील कलम ३७१ (२) ही सगळी वचने वऱ्हाडाला न्याय्य वाटा देण्यासाठी होती. वचने पाळली गेली नाहीत, अनुशेष साचला, तरुण बाहेर गेला आणि त्याच्याबरोबर जागाही गेली. नेते ओरडले ते जागेसाठी. माणूस जात होता तेव्हा ही मंडळी कुठे होती? २०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊन हाच भागाकार पुन्हा केला तर अमरावती जिल्ह्याचे ७.४० येतात. म्हणजे एकूण जागा २८८ च राहिल्या, तर अमरावतीची आठवी जागा त्याच हिशेबाने जाते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. जिल्ह्यांच्या वाटणीत निदान सगळी माणसे मोजली तरी जातात. राखीव जागांच्या वाटणीत आपल्या समाजाला कित्येक वर्षे मोजलेच गेले नाही.

अनुसूचित जातींसाठी राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्याव्यात असे घटनेची कलमे ३३० आणि ३३२ सांगतात. पण अनुसूचित जाती कोण, हे राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ठरते, आणि त्या आदेशात हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला (पुढे शीख वगळता) जागा नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसापासून ही माणसे अनुसूचित जातीची राहिली नाहीत. गावकुसाबाहेरचे घर तेच, विहिरीवरची वागणूक तीच, पाटलाच्या शेतावरची मजुरी तीच. यादीतले नाव तेवढे गेले. महाराष्ट्र शासनाने १९६० नंतर नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या हे खरे, परंतु लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा राज्याच्या हातात नव्हत्या.

१९७१ च्या जनगणनेत याचा परिणाम उघडा पडला. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. अनुसूचित जातींची नोंद झाली ३० लाख २६ हजार, म्हणजे सहा टक्के. बौद्धांची नोंद झाली ३२ लाख ६४ हजार, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या जवळ. मोजलेल्या अनुसूचित जातींपेक्षा न मोजलेले बौद्ध जास्त होते! या सहा टक्क्यांच्या आधारावर विधानसभेच्या २८८ पैकी १८ आणि लोकसभेच्या ४८ पैकी ३ जागा राखीव झाल्या. बौद्धांना त्या हिशेबात धरले असते तर प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या घरात गेले असते आणि विधानसभेच्या जागा पस्तीसच्या आसपास झाल्या असत्या. धर्म बदलल्याची किंमत म्हणून निम्म्या जागा कापल्या गेल्या, असे आम्ही म्हणतो ते या आकड्यांवरून.

एवढ्यावर हे थांबले नाही. आणीबाणीत, १९७६ साली, ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९७१ चे आकडे २००१ च्या जनगणनेपर्यंत गोठवण्यात आले. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये हा त्यामागचा युक्तिवाद होता. पण राज्याराज्यांतल्या वाटणीबरोबर राखीव जागांचा आकडाही गोठला. १९९० साली, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात, बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत स्थान देणारा कायदा झाला. समाजाने पेढे वाटले. लगेच पुढच्या वर्षी, १९९१ च्या जनगणनेत, महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण ११.०९ टक्के निघाले. तरीही राखीव जागा १८ च. १९७१ साली न मोजलेला माणूस १९९१ साली मोजला गेला, पण जागा देणारा कागद १९७१ चाच राहिला. २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने २००१ चे आकडे धरायचे ठरले, आणि २००९ च्या निवडणुकीत पहिल्यांदा विधानसभेच्या २९ व लोकसभेच्या ५ जागा राखीव झाल्या. कायदा झाल्यापासून एकोणीस वर्षे आणि धर्मांतरापासून त्रेपन्न वर्षे लोटली होती.

अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात गुलामांना तीनपंचमांश माणूस धरून मोजण्याची तरतूद होती. गुलामाला मत नव्हते. पण त्याच्या डोक्यांच्या जोरावर मालकांच्या राज्यांना जास्तीचे प्रतिनिधी मिळत. तिथे माणूस मोजला आणि मत दिले नाही. इथे मत दिले आणि राखीव जागांसाठी माणूस मोजला नाही. मोजणीच्या कागदावर काय घडते याकडे काळ्या लोकांच्या चळवळीने पुढे फार बारकाईने लक्ष दिले. मतदारसंघ लोकसंख्येच्या मानाने सारखे हवेत हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली अलाबामा राज्याच्या खटल्यात मान्य केले. त्या राज्यात साठ वर्षांहून अधिक काळ जुन्याच जनगणनेवर जागा वाटलेल्या होत्या.

वऱ्हाडापुरते पाहिले तर २००८ ची राखीव जागांची वाटणी वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मूर्तिजापूर, दर्यापूर, मेहकर, वाशीम, उमरखेड. पाचही जिल्ह्यांत एकेक, तीस जागांत पाच. लोकसंख्येच्या प्रमाणाशी हे जवळपास जुळते. पण राज्याच्या पातळीवर एक गोष्ट खटकते. १९९१ मध्ये ११.०९ टक्के असलेले अनुसूचित जातींचे प्रमाण २००१ मध्ये १०.२० वर घसरले आणि २०११ मध्ये पुन्हा ११.८१ झाले. दहा वर्षांत लाखो माणसे जात सोडून गेली आणि पुढच्या दहा वर्षांत परत आली, असे तर झाले नसेल. बौद्ध कुटुंबांनी जातीच्या रकान्यात काय सांगितले आणि प्रगणकाने काय लिहिले, यात त्याचे एक मोठे कारण आहे असे आमचे मत आहे. २००१ मध्येही ११.०९ हेच प्रमाण राहिले असते तर राखीव जागा २९ ऐवजी ३२ झाल्या असत्या.

२०११ चा आकडा तर आणखी बोलका आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले ५२ लाख ४ हजार. म्हणजे १३ लाखांहून अधिक बौद्ध अनुसूचित जातीच्या गणतीबाहेर राहिले. ते सगळेच या जातींतले असतील असे नाही, इतर समाजांतून धम्मात आलेले लोकही आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. पण १३ लाख हा आकडा तेवढ्याने भागत नाही. २०११ च्या ११.८१ टक्क्यांवर २८८ मधल्या ३४ जागा येतात. या १३ लाखांना मिळवले तर प्रमाण १३ टक्क्यांच्या जवळ जाते आणि जागा ३७ होतात. तीन आमदार एका रकान्यात अडकले आहेत.

मोजणी नसली की काय होते, हे अकोला जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा परिषदांमधील ओबीसींच्या सरसकट २७ टक्के आरक्षणावर निकाल दिला. ओबीसींच्या राजकीय मागासलेपणाची प्रत्यक्ष आकडेवारी शासनाकडे नाही आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाते, हे त्याचे कारण. अकोला, वाशीम, नागपूर येथील ओबीसी सदस्यांची पदे गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या जागांवर पोटनिवडणुका झाल्या. निवडून आलेली माणसे घरी बसली, कारण त्यांच्या समाजाची गणती १९३१ नंतर झालीच नव्हती. मंडलच्या काळात ओबीसी बांधवांच्या बाजूने आंबेडकरी चळवळ रस्त्यावर उतरली होती. जातनिहाय गणतीच्या बाबतीतही त्यांचे आणि आपले हित एकच आहे.

कोणी म्हणेल की राखीव जागांची संख्या आणि मताचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरोबर आहे. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना दोन मते होती. एक स्वतंत्र मतदारसंघात आपला माणूस निवडण्याचे आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जागा जवळपास दुप्पट करून १४८ केल्या. त्यांतल्या २० आपल्या मध्य प्रांताच्या होत्या. जागा वाढल्या, पण त्या भरण्याचा अंतिम अधिकार संयुक्त मतदारसंघाकडे गेला. राखीव जागेवर उमेदवार आपला, निवडणारे बहुसंख्य दुसरे, हा पेच तेव्हापासूनचा आहे. अमरावतीइतके त्याचे दुसरे चांगले उदाहरण सापडणार नाही. १९९८ मध्ये अमरावती लोकसभा मतदारसंघ खुला होता आणि तिथून दादासाहेब गवई निवडून आले. त्याच निवडणुकीत अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले, असे रिपब्लिकन ऐक्याचे चार खासदार खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. २००९ मध्ये अमरावती राखीव झाली. तेव्हा राजेंद्र गवई हरले आणि शिवसेनेचे आनंदराव अडसूळ जिंकले. खुल्या जागेवर निळा झेंडा लागला आणि राखीव झाल्यावर उतरला! ऐक्य, युती आणि मतांची बेरीज यांचे गणित राखीव-खुल्याच्या पाटीपेक्षा जड असते, एवढे त्यावरून दिसते.

मत मोजण्याची पद्धत बदलली की त्याच मतदाराचे वजन बदलते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघ होते आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत. ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. या एकत्रित मतदानाचा आग्रह बाबासाहेबांनी धरला होता. स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. १९५२ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ राहिले, पण एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त मत देता येणार नाही असा नियम आला. त्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून खुद्द बाबासाहेब काजरोळकरांकडून हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले. पराभवाची इतरही कारणे होती, त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या नियमावर मात्र आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले.

आजची पद्धत सर्वांना माहीत आहे. सर्वांत पुढचा तो जिंकतो, बाकीची मते रद्दीत. अकोल्यात २०२४ मध्ये विजयी भाजप उमेदवाराला ४ लाख ५७ हजार, काँग्रेसला ४ लाख १६ हजार आणि बाळासाहेब आंबेडकरांना २ लाख ७६ हजार मते मिळाली. त्याआधी २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीला राज्यात सुमारे सात टक्के मते मिळाली आणि तिचा स्वतःचा एकही खासदार झाला नाही. बरोबरच्या एमआयएमला औरंगाबादची एक जागा मिळाली. अकोल्यात काँग्रेसने साथ दिली असती तर, किंवा वंचितने दिली असती तर, हा वाद आम्ही इथे उकरून काढत नाही. तो चहाच्या टपरीवर रोज चालतो. आमचा मुद्दा असा की पावणेतीन लाख मतदारांच्या मताला शून्य मूल्य देणारी ही पद्धत निसर्गाने दिलेली नाही. घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करिमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आणली होती. जानेवारी १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ती नाकारली. मतदार साक्षर नाही, त्याला ही पद्धत समजणार नाही आणि सरकारे स्थिर राहणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. बाबासाहेबांनी दिलेले कारण त्या काळाचे होते. आज वऱ्हाडातल्या खेड्यातली म्हातारीसुद्धा मोबाइलवर पैसे पाठवते. तेव्हा हा प्रश्न पुन्हा उघडण्यात बाबासाहेबांचा अवमान नाही.

राज्याराज्यांतल्या वाटणीबद्दल सध्या दक्षिणेत मोठी अस्वस्थता आहे. तामिळनाडूचे मुख्यमंत्री म्हणून एम. के. स्टालिन यांनी २२ मार्च २०२५ ला चेन्नईत त्यासाठी इतर राज्यांच्या नेत्यांची बैठक घेतली. २०११ च्या लोकसंख्येने राजस्थानात २७ लाखांमागे एक खासदार येतो आणि केरळात पावणेसतरा लाखांमागे एक. महाराष्ट्र मध्येच, साडेतेवीस लाखांच्या आत. निव्वळ डोकी मोजली तर उत्तर वाढते, न मोजली तर राजस्थानी मजुराचे मत हलके राहते. हा पेच बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात ओळखला होता. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश यांचे तुकडे करा आणि महाराष्ट्राचेही चार भाग करा, असा त्यांचा सल्ला होता. त्यांपैकी पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपला भाग. मोठ्या राज्याचा धाक कमी करायचा तर राज्यच लहान करायचे, ही वाट आजच्या वादात कोणी फारशी बोलत नाही.

२००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तहकूब केली होती. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरवला, आणि तीत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्राने त्याआधी ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केला. पुढच्या राखीव जागा अशाच गणतीच्या आकड्यांवर पडतात. त्यामुळे कागद भरण्याचा प्रश्न आपल्यासाठी गंभीर आहे. अमरावतीतल्या एका विहारातील बैठकीत एका वयस्क बाईंनी आम्हाला विचारले, "वकील साहेब, कागदावर जात लिवली त धम्म बाटते काय जी?" प्रश्न भाबडा नाही. जात सोडण्यासाठीच धम्म घेतला, मग तीच जात पुन्हा का सांगायची, हा सल प्रत्येक बौद्ध घरात आहे. आम्ही त्यांना सांगितले की धर्माचा रकाना तुमच्या श्रद्धेचा, जातीचा रकाना तुमच्या कायदेशीर हक्काचा. धर्म 'बौद्ध'. जात विचारली की अनुसूचित जातींच्या यादीत असलेले नाव, जसे महार, मांग किंवा चांभार. १९९० च्या कायद्यात बौद्धाला यादीत जागा आहे, पण यादीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' नावाची जात नाही. जातीच्या जागी ते लिहिले की तो माणूस अनुसूचित जातीच्या गणतीतून बाहेर पडतो. 'जात नाही' असे अभिमानाने लिहिणाऱ्या आपल्या शिकलेल्या तरुणांबद्दल आदर आहे, पण तो अभिमान तीन आमदारांना महाग पडतो.

दुसरा कागद म्हणजे नकाशा. मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे आणि जाहीर सुनावणी घेणे आयोगावर २००२ च्या कायद्याने बंधनकारक केले होते. पुढच्या कायद्यातही ही तरतूद राहील यासाठी आग्रह धरावा लागेल. आयोगावर प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असत, त्यांना मताचा अधिकार नसे. एकदा अंतिम आदेश निघाला की कलम ३२९ न्यायालयाचे दार बंद करते. उज्जैनची जागा राखीव झाली तेव्हाच्या मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हेच सांगितले. २०२४ मध्ये बारडोलीच्या प्रकरणात आदेश उघडउघड मनमानी असेल तर तपासता येईल, एवढी फट न्यायालयाने मोकळी ठेवली. फटीतून किती माणसे आत जातील? म्हणून जे बोलायचे ते मसुद्याच्या वेळीच बोलले पाहिजे. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरून, आणि जिथे त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त तिथे द्याव्यात, असा त्या कायद्याचा नियम होता. एखादी दलित वस्ती शेजारच्या मतदारसंघात ढकलली की हे प्रमाण बदलते. हरकत घेणाऱ्याकडे गावनिहाय आकडे हवेत, घोषणा तिथे उपयोगी पडत नाहीत.

हे आकडे कोणाच्या कपाटात बंद नाहीत. २०११ ची गावनिहाय लोकसंख्या, अनुसूचित जातींच्या रकान्यासह, जिल्हा जनगणना पुस्तिकेत छापलेली आहे. दर्यापूर आणि मूर्तिजापूर तालुक्यांतल्या चार शिकलेल्या पोरांनी मिळून गावांची यादी, मंडळांच्या सीमा आणि या रकान्याची बेरीज करायला घेतली तर पंधरा दिवसांत एका विधानसभेचा तक्ता उभा राहतो. आम्ही अमरावतीत दर रविवारी सकाळी दोन तास त्यासाठी बसतो. येताना आपल्या गावाच्या आणि शेजारच्या चार गावांच्या आकड्यांचे कागद आणावेत.